एम.एड.च्या आधी बी.एड., आणि त्याच्याही आधी एक यादी

डोंबिवलीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी मानसशास्त्रात बी.ए., 58 टक्के. गेलं वर्षभर ठाण्यातल्या एका शाळेत शॅडो टीचर (वर्गात एखाद्या मुलाजवळ बसून त्याला मदत करणारी शिक्षिका) म्हणून काम करते आहे. तिला आता स्पेशल एज्युकेशनमध्ये थेट मास्टर्स करायचं आहे. घरात तीन पर्याय चर्चेत आहेत : एम.एड., एका वर्षाचा ऑनलाइन ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ डिप्लोमा, नाहीतर कर्ज काढून अमेरिका. ‘कुठे अर्ज करू आणि कसा?’ असं त्या विचारतात.

नमस्कार ताई,

आधी एम.एड.चं बोलू, कारण तिथला गैरसमज सगळ्यात महागात पडतो. बी.ए. किंवा एम.ए. मानसशास्त्राच्या जोरावर एम.एड. स्पेशल एज्युकेशनला प्रवेश मिळत नाही. त्याला बी.एड. स्पेशल लागतं, किमान 50 टक्क्यांनी. दुसरा रस्ता साधं बी.एड. आणि जोडीला मान्यताप्राप्त स्पेशल एज्युकेशन डिप्लोमा, दोन्हींत 50 टक्के. मुलीकडे यांपैकी काहीच नाही. म्हणजे आत्ताचा अर्ज बी.एड. स्पेशलचा, दोन वर्षांचा. पदवीला 50 टक्के लागतात, तिथे तिचे 58 पुरेसे आहेत. एम.एड. मुख्यतः त्यांच्यासाठी, ज्यांना पुढे बी.एड. कॉलेजात शिकवायचं किंवा संशोधन करायचं आहे. वर्गात मुलांबरोबर काम करायला बी.एड. पुरतं, हे तिच्या कानावर जरूर घाला.

आता ऑनलाइन डिप्लोमा. या क्षेत्रात एकच शिक्का चालतो, भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा. 1992 च्या कायद्यानुसार परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत (इंग्रजीत सीआरआर) नाव नसताना या क्षेत्रात व्यवसाय करणं हा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रत्यक्षात तुरुंगात कोणी जात नसेल, पण शाळा मुलाखतीत पहिला प्रश्न ‘सीआरआर नंबर काय?’ हाच विचारतात. जाहिरातीतलं ‘आंतरराष्ट्रीय’, ‘आयएसओ’, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ यातलं काहीही त्या नंबराची जागा घेत नाही. म्हणून फी भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडा आणि संस्थेच्या नावासमोरच्या तीन गोष्टी वाचा : अभ्यासक्रमाचं नेमकं नाव, मान्यता कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत आहे, आणि जागा किती. घोळ बहुतेक वेळा दुसऱ्या गोष्टीत होतो. कॉलेज जुनं मान्यतापत्र दाखवतं, ते खरंही असतं, पण मुदत संपलेली असते. मुलीच्या प्रवेशाचं वर्ष त्यात बसलं पाहिजे. दूरस्थ अभ्यासक्रमालाही हीच कसोटी लावा. तिथे तिचं अभ्यासकेंद्र मान्यतेत आहे का, हेही विचारा.

यादी उघडलीत की लक्षात येईल, ‘बी.एड. स्पेशल’ असं मोघम काही नसतं. प्रवेश एका विशिष्ट गटात होतो : अध्ययन अक्षमता म्हणजे एलडी, बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष, दृष्टिदोष, स्वमग्नता वगैरे. हा गट पदवीवर छापला जातो, नोंदणीतही तोच जातो, नंतर सहज बदलता येत नाही. त्यामुळे ‘जिथे नंबर लागेल तिथे’ हा इंजिनीअरिंगचा हिशेब इथे लावू नका. ती वर्षभर कोणत्या मुलांजवळ बसली ते विचारा. मुंबईच्या नेहमीच्या शाळांमध्ये रिसोर्स रूम (जादा मदतीची वेगळी खोली) आणि रेमेडियलच्या (मागे पडलेलं पुन्हा शिकवण्याच्या) कामासाठी एलडीला मागणी चांगली आहे. बौद्धिक अक्षमता आणि श्रवणदोष या गटांचं काम जास्त करून विशेष शाळांत. राज्यात या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे नसून दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत. नोकरीच्या जाहिराती शोधताना हे लक्षात ठेवा, नाहीतर चुकीच्या दारात वाट बघत बसाल.

मुंबईत मुलींसाठी पहिलं नाव एसएनडीटी विद्यापीठाच्या जुहू आवारातल्या (स्टेशन सांताक्रूझ) विशेष शिक्षण विभागाचं. श्रवणदोषासाठी वांद्रे रिक्लेमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. चेंबूरला हशू अडवाणी कॉलेज आहे. यंदा कुठे कोणता गट चालू आहे, ते त्याच यादीतून पाहा. आणि प्रवासाचा हिशेब आत्ताच मांडा. डोंबिवलीहून सांताक्रूझ म्हणजे दादरला गाडी बदलणं, चेंबूर म्हणजे कुर्ल्याला हार्बर पकडणं. एरवी चालून जाईल, पण पाठ घ्यायला दिलेली शाळा सकाळची असली आणि रात्री पाठ-टाचणं लिहायची असली की दोन वर्षं जड जातात. जवळ राहणारी मावशी-आत्या असेल तर सरावाच्या महिन्यांपुरती सोय बघून ठेवा.

प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची बी.एड. परीक्षा, सर्वसाधारण आणि स्पेशल दोन्हींसाठी एकच. 100 प्रश्न, 90 मिनिटं : मानसिक क्षमता 40, सामान्य ज्ञान 30, शिक्षक अभियोग्यता 30. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. इंग्रजी माध्यमाचं कॉलेज हवं असेल तर अर्जातच ईएलसीटीची खूण करायची, ती इंग्रजीची 50 प्रश्नांची वेगळी परीक्षा असते. ही खूण विसरणारे दरवर्षी भेटतात. अलीकडे नोंदणी डिसेंबर-जानेवारीत सुरू होऊन परीक्षा मार्चमध्ये झाली आहे, म्हणजे दिवाळीनंतर लक्ष ठेवायला लागा. परीक्षेनंतर कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांसाठी वेगळी नोंदणी करावी लागते, सीईटी दिली म्हणजे झालं असं नाही. अली यावर जंग संस्थेची प्रवेशसूचना तिच्या संकेतस्थळावर स्वतंत्रपणे पाहा. राखीव जागेतून अर्ज असेल तर नॉन-क्रिमी लेयरची तारीख तपासा. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरश: जुळतं का तेही पाहा.

शाळेतल्या अनुभवाचं पत्र आत्ताच घ्या, वर्ष संपायच्या आत. ‘आमच्याकडे काम केले, वर्तणूक चांगली’ एवढं पुरत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, दिवसाला किती तास, मुलांचा वयोगट, कोणत्या प्रकारची अडचण, आणि तिने नेमकं काय केलं, हे सगळं हवं. खाली मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का.

मुलाखत किंवा हेतूपत्र मागितलं की दहापैकी नऊ जण ‘मला लहान मुलांची आवड आहे’ इथून सुरू करतात. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. तिने पाहिलेलं एक मूल घ्यावं आणि नाव न लिहिता सांगावं. समजा असं : ‘चौथीतला मुलगा ‘कमळ’ला ‘कलम’ वाचायचा, ओळ संपली की परत त्याच ओळीवर यायचा. पुठ्ठ्यात एका ओळीपुरती खिडकी कापून दिली. ओळ चुकणं कमी झालं, अक्षरांची अदलाबदल मात्र राहिली.’ शेवटचं वाक्य गाळू नये. काय जमलं नाही हे सांगता येणं म्हणजे निरीक्षण आलं, आणि समिती तेच शोधत असते.

अमेरिकेबद्दल माझं मत स्पष्ट आहे : आत्ता नको, बी.एड.नंतर. एक तर काही विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात, तिथे तीन वर्षांच्या बी.ए.ला अडचण येते; बी.ए. अधिक बी.एड. म्हणजे पाच वर्षं हातात. दुसरं, तिथे शिक्षकाचा परवाना प्रत्येक राज्य वेगळा देतं, आणि मास्टर्सचे परवान्यासह व परवान्याविना असे दोन मार्ग असतात. परवान्याविना मार्ग निवडला तर सरकारी शाळेत पूर्णवेळ शिक्षक होणं अवघड. म्हणून विद्यापीठाला ईमेल करताना ‘या अभ्यासक्रमातून या राज्याचा शिक्षकाचा पहिला (इनिशियल) परवाना मिळतो का, आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळतो का?’ एवढंच विचारा आणि उत्तर लेखी ठेवा. परतल्यावर तिथली पदवी आरसीआयकडे आपोआप नोंदली जात नाही, समकक्षता तपासून घ्यावी लागते. आधी इथलं बी.एड. असेल तर तिचा नंबर तोवर तयार असतो.

तरीही जायचंच ठरलं, तर मुंबई विद्यापीठाच्या कालिना आवारातून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) आधी मागवा. ‘फॉल’च्या, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्राच्या, प्रवेशाच्या मुदती बऱ्याच ठिकाणी डिसेंबर ते फेब्रुवारीत संपतात आणि ऐन वेळी तोच कागद अडतो. शिफारसपत्रांपैकी एक तरी अशा शिक्षिकेचं असू दे, जिने तिला प्रत्यक्ष मुलाजवळ बसून शिकवताना पाहिलं आहे.