ठोका सुधारला, पण माणूस?

वडिलांना हार्ट अटॅक येऊन गेला. होल्टरमध्ये (दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र) पुष्कळ जादा ठोके दिसले, तरी डॉक्टर ते बंद करायची गोळी देत नाहीत. असं का? (निपाणी)

कारण ती चूक एकदा करून झाली आहे. 1980 च्या दशकात अशा गोळ्या सर्रास लिहून देत. अटॅकनंतर ज्यांना जादा ठोके पडतात ते जास्त दगावतात, तेव्हा ठोके दाबले की माणूस वाचेल, असा सरळ हिशेब होता. तो खरा की खोटा हे बघायला अमेरिकेत 1987 साली ‘कास्ट’ ही चाचणी सुरू झाली. औषधाने ज्यांचे ठोके खरोखर कमी होतात, असेच रुग्ण त्यात घेतले. एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड मिळाले 755 जणांना. तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी 743 जणांना. सरासरी दहा महिन्यांत औषधवाल्यांतले 63 दगावले, दुसऱ्या गटातले 26. ईसीजीची पट्टी सुधारली आणि माणसं गेली! 1989 मध्येच ही औषधं चाचणीतून काढावी लागली. ती हृदयातली वीज मंदावतात, आणि अटॅकचा व्रण असला की मंदावलेली वीज त्याच्याभोवती गरगरत राहू शकते.

फ्लेकेनाइड आजही वापरतात, पण ज्यांचं हृदय एरवी धडधाकट आहे त्यांच्यासाठी. वडिलांना बीटा ब्लॉकर (हृदयावरचा ताण कमी करणारी गोळी) चालू असेल तर ती गोळी मनाने सोडू नका. तंबाखू मात्र सोडायला लावा. तंबाखूच्या बाजारपेठेतल्या निपाणीकरांना हे सांगताना जीभ अडखळते, तरी सांगतो.

आईला ठोक्यांच्या नव्या औषधाच्या चाचणीत घ्यायचं म्हणतात. संमतीपत्र कन्नडमध्ये आहे, तिला वाचता येत नाही. सही करावी का? (खानापूर)

आत्ता नको. मराठी प्रत मागा. रुग्णाला समजेल अशा भाषेतच माहिती द्यावी लागते. तिला वाचता येत नसेल, तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा. आमच्या ओपीडीत किती आज्ज्या ‘हूं री’ म्हणत मान डोलावतात आणि दाराबाहेर जाऊन लेकाला विचारतात, ‘काय म्हणाले रे डॉक्टर?’ ती संमती नव्हे.

दोन गोष्टी विचारा. यश कशावर मोजणार, नुसत्या पट्टीवर की झटका, दवाखान्यात भरती, मृत्यू यांवर? आणि आधीची औषधं चालू राहणार का? औषध नसलेली गोळी वाट्याला येईल का, हेही विचारा. तसं असेल तर त्यात फसवणूक नाही, तुलनेसाठी ती लागते. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात, आणि कारण न सांगता कधीही बाहेर पडता येतं.

एट्रियल फिब्रिलेशन (ठोके अनियमित पडण्याचा आजार) होतं, आता ठोके नियमित आहेत. रक्त पातळ करायची गोळी बंद करू? (चिकोडी)

नाही. ही गोळी रक्ताच्या गुठळ्या रोखून पक्षाघात टाळण्यासाठी असते. याच आजारावरच्या 2002 च्या ‘अफर्म’ चाचणीत 4060 रुग्ण होते. त्यात ज्यांना पक्षाघात झाला, त्यांतल्या बहुतेकांची ही गोळी बंद होती किंवा डोस अपुरा पडत होता. ठोके नियमित केलेल्यांनाही झाला. वॉरफरिन ही रक्त पातळ करायची गोळी घेत असाल तर पुढच्या भेटीला आयएनआरचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा) कागद घेऊन जा.