पेपर समोर, मग प्रतिमा डोक्यामागे कशी?

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. दूरदृष्टितेच्या (जवळचं धूसर दिसण्याच्या दोषाच्या) गणितात निकटबिंदू, म्हणजे नीट दिसतं असं सर्वांत जवळचं ठिकाण, १ मीटरवर होता आणि २५ सेमीवरचं वाचता यायला हवं होतं. ‘प्रतिमा दृष्टिपटलावर (डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर), म्हणजे भिंगापलीकडे पडते’ म्हणून तिने प्रतिमा अंतर +१०० घेतलं. उत्तर आलं +५ डायॉप्टर (भिंगाच्या शक्तीचं एकक), पुस्तकात आहे +३. मलाही पटवून देता येईना.
– एक पालक, मिरज

उत्तर : वर्गात दरवर्षी निम्मी मुलं इथेच अडकायची, आणि कारण हेच, दृष्टिपटल. दृष्टिपटलावरची प्रतिमा डोळ्याचं भिंग पाडतं. आपलं गणित फक्त चष्म्याचं. या डोळ्याला मीटरभर किंवा त्याहून लांबचंच नीट दिसतं. तेव्हा जवळच्या अक्षरांची प्रतिमा चष्म्याने तिथे, समोरच, नेऊन ठेवायची. पुढचं डोळा बघून घेईल.

पेपर आणि प्रतिमा, दोन्ही चष्म्याच्या एकाच बाजूला, जिकडून प्रकाश येतो तिकडे. शाळेच्या संकेतात त्या बाजूची अंतरं ऋण. म्हणून दोन्ही अंतरं ऋण : वस्तू –२५ आणि प्रतिमा –१००. सूत्र : १/प्रतिमा अंतर – १/वस्तू अंतर = १/नाभीय अंतर. मांडणी १/(–१००) – १/(–२५), म्हणजे ३/१००. नाभीय अंतर (लांबून आलेले किरण भिंगापलीकडे जिथे एकत्र येतात तिथपर्यंतचं) सुमारे ३३ सेमी, शक्ती, म्हणजे १०० भागिले ते अंतर, +३. (चष्मा आणि डोळा यांतलं सेंटिमीटरभर अंतर शाळेत सोडून देतात.)

मुलीच्या +१०० चा अर्थ तिलाच विचारा. प्रतिमा चष्म्याच्या पलीकडे १ मीटरवर, म्हणजे पेपर वाचणाऱ्याच्या डोक्यामागे!

माझा वाचायचा चष्माही +३ चाच. दुपारी तो खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरून मागेपुढे केला. फुटाहून थोड्या जास्त अंतरावर खिडकी उमटली भिंतीवर, गजांसकट, उलटी. ती खरी प्रतिमा. मग तोच चष्मा पेपरपासून वीतभर वर धरला. अक्षरं सुलटी आणि मोठी दिसली, पण ती कुठल्याच भिंतीवर उतरेनात. वस्तू नाभीय अंतराच्या आत आली की किरण भिंगातून गेल्यावरही एकत्र येत नाहीत, फक्त कमी फाकतात. लांबून आल्यासारखे वाटतात, इतकंच. ही आभासी प्रतिमा. घरात आजीचा चष्मा असेल तर मुलीला करून पाहू द्या.

आणि तुमचं जुनं पुस्तक काढणार असाल तर जपून. काही पुस्तकांत खऱ्या प्रतिमेचं अंतर धन, आभासीचं ऋण असा संकेत असतो. तिथे वस्तू +२५, प्रतिमा –१०० आणि सूत्रात मधे अधिक. उत्तर तेच, +३. फक्त एकाचं सूत्र आणि दुसऱ्याची चिन्हं घेऊ नका.