चार्जरला कमिटी नाही म्हणते, मग काय करायचं?

ताई, तुमचा मेल वाचला. इंदिरानगरला सोळा फ्लॅटची बिल्डिंग, इलेक्ट्रिक कार बुक झालीये, सेक्रेटरी म्हणतात "एकाला दिलं की सगळे मागतील, डीपी उडेल", आणि वीज ऑफिसात तोंडीच सांगितलं की आधी एनओसी आणा.

पहिलं म्हणजे कागद काढा. नाशकात लोक सर्रास सोसायटी म्हणतात आणि निघतं डीड ऑफ डिक्लेरेशन (बिल्डिंग अपार्टमेंट कायद्याखाली आणल्याचा नोंदलेला दस्त), म्हणजे सोसायटी नव्हे, अपार्टमेंट. सोसायटी असेल तर १९६० चा सहकारी संस्था कायदा, कमिटी अडून बसली तर उपनिबंधकांकडे जाता येतं. अपार्टमेंट असेल तर १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा, तिथे डिक्लेरेशनमध्ये पार्किंगचं काय लिहिलंय तेच आधी बघायचं.

आता डीपी. तिला लोड झेपतो का हे सेक्रेटरींनी नाही, महावितरणने ठरवायचं, तेही लेखी. वीज कायदा २००३, कलम ४३ प्रमाणे मालकाने किंवा राहणाऱ्याने अर्ज केला की वीज द्यायची जबाबदारी कंपनीची, आणि वीज ग्राहक हक्क नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर गाडी चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शनही मागता येतं, नाशिकसारख्या शहरात मुदत ७ दिवस, लाइन वाढवावी लागली तर जास्त. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका, ऑनलाइन अर्ज टाका. अडलंच तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यापुढे विद्युत लोकपाल.

पण खरं सांगू का, वेगळं कनेक्शन कदाचित लागणारच नाही. मीटर खालीच असेल तर तुमच्याच मीटरवरून तुमच्या पार्किंगपर्यंत केबल ओढा, स्वतःची गाडी घरी चार्ज केली तर दर घरगुतीच लागतो. साधा चार्जर ३.३ किलोवॅटचा, वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर) ७.२ चा, बिलावर मंजूर भार बघा आणि कमी असेल तर वाढवून घ्या. केबल कॉमन जागेतून जाणार म्हणून परवानगी मात्र मागावीच लागेल, लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचं ड्रॉइंग जोडा, खर्च माझा असं लिहून द्या.

सेक्रेटरींची भीती अगदीच खोटी नाही हां. सोळाही जणांनी रात्री आठला वॉलबॉक्स लावले, वर एसी चालू, तर ११५ किलोवॅट नुसते गाड्यांचेच होतात. म्हणून तुम्हीच ठराव सुचवा की चार्जिंग टायमरवर, रात्री बारानंतर, पाळीपाळीने. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला सहा-सात युनिट लागतात, साध्या चार्जरवर दोन तासांचं काम.

आणि तोवर कॉमन मीटरवरून एक्स्टेंशन अजिबात लावू नका. घरच्या मीटरवर पैसे घेऊन शेजाऱ्याची गाडीही चार्ज करू नका, वीज कायद्याचं कलम १२६ (विजेचा अनधिकृत वापर) लागलं तर दुप्पट दराने आकारणी होते, किती महिने चाललं ते कळलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची.