काम डिझायनरचं, पत्रावर मात्र ‘डीटीपी ऑपरेटर’

“मॅडम, पगाराचं मी बोलेन. पण हुद्दा बदलून द्या असं कसं म्हणायचं? शेफारली म्हणतील.” नोकरीबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे येणाऱ्या डिझायनर, चित्रकार, कॉपीरायटर अशा मुलामुलींकडून हे मी नेहमी ऐकते. पगारवाढ मागायला लोक आता सरावलेत, हुद्दा मागताना मात्र जीभ अडखळते. म्हणून ही एक केस. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिशीच्या आतली मुलगी. अप्लाइड आर्टची पदवी घेतलेली, पुण्यातल्या एका शैक्षणिक प्रकाशन संस्थेत सहा वर्षं नोकरीला. रुजू झाली तेव्हा काम होतं आलेला मजकूर पानात लावण्याचं. साहजिकच नेमणूकपत्रावर ‘डीटीपी ऑपरेटर’ आलं. पुढे काम वाढत गेलं, पत्र तिथेच राहिलं. बाहेर अर्ज केले तर बोलावणी यायची ती टायपिंगच्या कामांची. भरती करणारे बहुतेक वेळा आधी हुद्दा टाकूनच शोधतात, पोर्टफोलिओ उघडण्यापर्यंत गोष्ट जातच नाही.

बोलता बोलता तिने पिशवीतून पाचवीच्या मुलांसाठीचं एक पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. मी सवयीने श्रेयनामावलीचं पान उघडलं. ‘मुखपृष्ठ व मांडणी’ यापुढे तिचं नाव, ‘अक्षरजुळणी’पुढे तिच्या सहकाऱ्याचं. संस्थेने स्वतः छापून मान्य केलेली गोष्ट एचआरच्या फायलीत पोचलीच नव्हती! मी तिला म्हटलं, असली सगळी पानं गोळा कर, आपला अर्धा युक्तिवाद यातच आहे.

तिला हवं होतं ‘क्रिएटिव्ह डायरेक्टर’. इथे मी तिला थांबवलं. जाहिरात संस्थांमध्ये व्हिज्युअलायझर, आर्ट डायरेक्टर अशा पायऱ्या चढून माणूस तिथे पोचतो, आणि त्याच्या हाताखाली चित्र आणि मजकूर अशा दोन्ही बाजूंची माणसं असतात. पुढच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न येणार, “टीम किती जणांची?” उत्तर ‘दोन फ्रीलान्स चित्रकार’ असेल तर तोच हुद्दा अंगाशी येतो. शिवाय प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत ‘डायरेक्टर’ म्हटलं की अकाउंट्सवाले दचकतात, कारण कंपनी कायदा २०१३ प्रमाणे संचालक हे वेगळंच, नोंदणी क्रमांक असलेलं पद आहे. आर्ट डायरेक्टर म्हणवून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, पण लहान संस्थेत त्यावरून उगाच घोळ होतो. मागायचा हुद्दा आज करत असलेल्या कामाच्या मापाचा हवा. फार तर अर्धी पायरी वर, माझं मत तरी असंच आहे.

मग तिला आठवडाभर रोजचं काम लिहून काढायला सांगितलं. यादी वाचून तीच चकित झाली. संपादकांशी बसून मालिकेचं रूप ठरवणं, चित्रकारांना ब्रीफ देणं, त्यांची स्केचेस तपासणं, पानसंख्या आणि कागदाच्या जाडीवरून पुस्तकाच्या कण्याची रुंदी काढणं, मुखपृष्ठाला ३ मिमी ब्लीड (कापताना कडेला पांढरं दिसू नये म्हणून चित्राचा जास्तीचा भाग) सोडणं, प्रेसमध्ये उभं राहून मशीनप्रूफवर, म्हणजे छपाईयंत्रातून निघालेल्या नमुन्यावर, रंग पास करणं. यातलं टायपिंग किती? भारत सरकारच्या व्यवसाय वर्गीकरणातही (२०१५) ग्राफिक आणि मल्टिमीडिया डिझायनर हा २१६६ क्रमांकाचा गट आहे, तोही व्यावसायिक तज्ज्ञांच्या विभागात. एचआरपुढे हे कागदावर ठेवता येतं.

बोलण्याची तालीम केली. मी तिचे सर झाले.

“सर, कामाबद्दल नाही, पत्रावरच्या हुद्द्याबद्दल बोलायचंय.”

“पगार वेळेवर मिळतो ना?”

“मिळतो सर. पण लेखक आणि चित्रकार मला डिझायनर म्हणून फोन करतात, पुस्तकात तसंच छापलंय. पत्रात तेवढं जुळवून घ्यावं.”

“उद्या सगळेच मागतील.”

या प्रश्नावर ती प्रत्येक वेळी गप्प व्हायची. आम्ही उत्तर घोटून घेतलं: “ज्यांचं काम बदललंय त्यांनी मागावं, सर. माझ्या कामाची यादी ही.” एवढंच बोलायचं आणि थांबायचं. सहकाऱ्यांशी तुलना करायची नाही, राजीनाम्याची भाषा तर अजिबात नको.

प्रत्यक्षात आधी ‘सीनियर डीटीपी ऑपरेटर’ देऊ केलं. इथे पुष्कळ जण हो म्हणून बाहेर पडतात. तिने आभार मानले आणि विचार करायला दोन दिवस मागितले. खरी अडचण तेव्हा कळली: हुद्दा बदलला की ग्रेड बदलावी लागेल आणि ग्रेडला पगार बांधलेला, अशी एचआरची समजूत. ग्रेड आहे तीच ठेवून फक्त पदनाम बदला, पगाराचं वार्षिक आढाव्यात पाहू, असं तिने लेखी सुचवलं. गाठ सुटली. १ एप्रिलपासून ‘सीनियर ग्राफिक डिझायनर, पुस्तक विभाग’ असं पत्र मिळालं, आणि तिच्या विनंतीवरून त्यात मुख्य कामंही नमूद झाली. ती ओळ फार मोलाची असते. कॅनडात स्थायिक होण्यासाठीच्या ‘एक्स्प्रेस एंट्री’ अर्जाला लागणाऱ्या अनुभवपत्रातसुद्धा हुद्द्याबरोबर कामांचा तपशील मागतात.

मागच्या सहा वर्षांचं काय, हे तिने विचारलंच. तो हुद्दा बायोडेटात बदलायचा नाही. नव्या कंपन्या पार्श्वभूमी तपासताना जुन्या एचआरकडून पदनाम पडताळून घेतात, आणि तिथे फरक निघाला तर हातातली ऑफर जाऊ शकते. तिने ‘डीटीपी ऑपरेटर’ तसंच ठेवलं, खाली दोन ओळींत मुखपृष्ठं आणि मांडणीचं काम लिहिलं, सोबत श्रेयनामावलीच्या पानांचे फोटो जोडले. आणि जे अजून रुजू व्हायचेत त्यांनी हे सगळं ऑफर लेटरवर सही करण्याआधीच बोलून घ्यावं. तेव्हा एका ईमेलवर होणाऱ्या कामाला नंतर अख्खं वर्ष लागू शकतं.