मेथडिस्ट मंडळीत सेवा करायची आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न विचारणारे नागपूरहून बदली होऊन बडोद्याला आलेत, मेथडिस्ट चर्चला जायला लागलेत, गुजराती जेमतेम समजतं, आणि मंडळीतर्फे काही समाजसेवा करता येईल का असं विचारतायत. वर एकांनी उत्तर दिलंय, 'पाळकसाहेबांना भेटा, ते काम देतील.' भेटा की. आवाज बरा असेल तर ते तुम्हाला क्वायरमध्ये बसवतील, नसेल तर दानाची थैली फिरवायला देतील, आणि वर्षभराने तुम्हालाच वाटायला लागेल की आपण समाजसेवा करतोय.

माझं आयुष्य या मंडळीत गेलंय म्हणून एवढं बोलते. वडील रेल्वेत, प्रतापनगरला. मी स्टाफ नर्स म्हणून निवृत्त झाले. घरात मराठी, उपासना गुजराती, भांडण दोन्ही भाषांत.

नेहमीची कामं तुम्हाला नागपूरहून माहीत असतीलच. संडे स्कूल, मे महिन्यातली व्हीबीएस म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, तरुणांचं मंडळ एमवायएफ, बायकांचं मंडळ डब्ल्यूएससीएस, कापणीच्या सणाचा लिलाव, नाताळातले कॅरल. यातलं काही वाईट नाही, कुणीतरी केलंच पाहिजे. पण ते मंडळीने मंडळीसाठी केलेलं काम. तुम्ही विचारलंय समाजाचं, आणि तिथेच आमच्या घरात जुना वाद आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, जन्माष्टमीच्या सुमारास, विश्वामित्रीला पूर आला. तुम्ही नवीन आहात म्हणून सांगते. नदी ३५ फुटांच्या वर गेली, सोसायट्यांमध्ये मगरी निघाल्या, लष्कर बोलवावं लागलं. समा, सयाजीगंज, परशुराम भट्टा, सगळीकडे पाणी. आमच्या चर्चचा हॉल उंच जोत्यावर, तो कोरडा राहिला. लाइट नव्हती. पोचता येईल त्या बायका जमलो आणि खिचडी टाकायची ठरली.

तांदूळ होता, गॅस नव्हता. आमच्या शेजारच्या काकू, देशस्थ, सोवळं अजून थोडंफार सांभाळणाऱ्या. त्यांनी घरातला भरलेला सिलिंडर भाच्याच्या स्कूटरवर घालून पाठवला आणि मागून स्वतः गुडघाभर पाण्यातून आल्या. हातात आंबेमोहोराची पिशवी, गौरींच्या नैवेद्यासाठी पुण्याहून मागवलेला. मी म्हटलं, काकू, हा कशाला? तर म्हणाल्या, गौरी येईपर्यंत दुसरा मिळेल.

खिचडीचा ताबा त्यांनीच घेतला. आमच्या बायका सवयीने डाळ सढळ हाताने घालायला निघाल्या, त्यांनी थांबवलं. दमट हवेत डाळ जास्त झाली की दुपारपर्यंत खिचडी आंबते. कांदा-बटाटाही नको. तांदूळ जास्त, हळद, मीठ, वरून तेल, आणि घट्ट. मग मोठ्या परातींत पसरून निववायची. गरम भरली तर पातळ पिशवी शिवणीला फुटते आणि निम्मी खिचडी टेंपोतच सांडते. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं मंडळीच्या जेवणावळी घातलेल्या बायका आम्ही.

पिशव्या भरल्या, टेंपो लागला, आणि भाऊजी आले. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. कमिटी कुठलीही निवडा, भाऊजी त्यात असतात. म्हणाले, 'वहिनी, थांबा, बॅनर येतोय.' अख्ख्या शहरात लाइट नाही आणि ह्यांचा फ्लेक्स छापून येणार होता. त्याशिवाय बगलेत सुवार्तेच्या, म्हणजे धर्मप्रचाराच्या, पत्रिकांचा गठ्ठा, प्रत्येक पिशवीत एकेक टाकायला. मी नाही म्हटलं. त्यांनी शास्त्र काढलं: मनुष्य केवळ भाकरीने जगेल असं नाही.

आता हे वाक्य आमच्याकडे फार चालतं म्हणून सांगते. प्रभू येशूने ते म्हटलं तेव्हा तो स्वतः उपाशी होता, आणि विषय त्याच्या स्वतःच्या पोटाचा होता. दुसऱ्याच्या पोटाची वेळ आली तेव्हा त्याने लोकांना आधी गवतावर बसवून भाकरी आणि मासे वाटले. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातही दुसऱ्या अध्यायात तेच: उघड्या-उपाशी माणसाला 'ऊब घ्या, तृप्त व्हा' असं नुसतं तोंडाने म्हणून काय उपयोग? मी हे तिथेच, टेंपोवाल्यासमोर म्हटलं. टेंपोवाला मुसलमान होता. तो म्हणाला, 'बेन, देर हो जाएगी.' निघालो. बॅनर नाही, पत्रिका नाहीत. भाऊजींनी तो विषय आजतागायत सोडलेला नाही, आणि मीही नाही.

पण खिचडी हे सोपं काम. पाणी ओसरल्यावर शहरात जो तो खिचडी घेऊन फिरत होता, एकाच गल्लीत तीन-तीन गाड्या. लोकांना हवे होते झाडू, फिनेल, कोरडे कपडे, क्लोरीनच्या गोळ्या. आणि कागद वाचणारं कुणीतरी. सरकारी मदतीचा फॉर्म भरायचा तर रेशनकार्ड, आधार, पासबुक लागतं, आणि ते सगळं पेटीत भिजलेलं. लॅमिनेशनच्या आत पाणी शिरलं की शाई पसरते. लोक ते उन्हात टाकत होते, त्याने कागद वळून तडकतो. कड कापायची, हळूच सोडवायचं, वर-खाली रद्दी पेपर घालून वजन ठेवायचं, पेपर बदलत राहायचं. आम्ही वस्तीच्या तोंडाशी टेबल टाकून हेच करत बसलो.

त्या टेबलावर सगळ्यांत जास्त काम केलं एमवायएफच्या एका मुलाने. बोलताना अडखळतो, म्हणून त्याला कधी कुणी पुढे येऊन वचनही वाचायला सांगितलेलं नाही. हा पोरगा आधी प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो घ्यायचा, नंबर वाचता आला की ई-आधार काढून द्यायचा, आणि कुणाचं काय राहिलंय ते वहीत लिहून दुसऱ्या दिवशी त्याच घरी परत जायचा. कुणावर उपकार केल्याचा भाव नाही. आमच्या मंडळीने त्याला आजवर खुर्च्या लावायला ठेवलं होतं.

हे मेथडिस्ट परंपरेत बसत नाही असं कुणी म्हणालं तर हसा. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा जॉन वेस्ली आणि त्याचे मित्र १७३० मध्ये ऑक्सफर्डच्या तुरुंगात कैद्यांना भेटायला जायला लागले. १७४६ मध्ये त्याने लंडनमध्ये गरिबांसाठी फुकट दवाखाना काढला. चर्चच्या भिंतींवर, कॅलेंडरांवर 'शक्य तेवढं भलं करा' अशी जी ओळ त्याच्या नावावर असते ती त्याच्या लिखाणात सापडत नाही, पण त्याच्या १७४३ च्या नियमांत साफ लिहिलंय: भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट. बॅनरचा उल्लेख नाही.

तर तुम्ही काय करावं? सयाजी हॉस्पिटल बघा, इथे सगळे एसएसजी म्हणतात. दाहोद, छोटा उदेपूर, पार अलीराजपूर-झाबुआकडून पेशंट येतात. पेशंट आत, नातेवाईक बाहेर पथारीवर. त्यांना केसपेपर कुठे काढायचा, रिपोर्ट कुठल्या खिडकीवर मिळतो, आयुष्मान कार्डासाठी काय लागतं, रक्त कुठून आणायचं, हे विचारायचीही भीती वाटते. त्यांच्यासोबत रांगेत उभं राहायला माणूस हवा असतो. तुमची नागपुरी हिंदी इथे गुजरातीपेक्षा जास्त कामाला येईल. गुजराती लिपीचं घाबरू नका, देवनागरीची वरची रेघ पुसली की अर्धी अक्षरं ओळखीचीच निघतात. आठवड्यातला एक वार ठरवा आणि तोच धरा. दर बुधवारी येणारा माणूस वॉर्डातल्या सिस्टरला माहीत होतो, मग तीच बोलावून सांगते, त्या अमक्या खाटेकडे जरा बघा. नाताळात फळं वाटायला येणाऱ्या जथ्यांना ती हे कधी सांगत नाही. मी खाटेच्या या बाजूला नोकरी केलीय, मला माहीत आहे आम्ही त्या जथ्यांबद्दल ड्यूटी रूममध्ये काय बोलायचो.

पाळकांवर काम टांगू नका, एवढं मात्र नक्की. आपल्याकडे कॉन्फरन्समध्ये, म्हणजे मंडळ्यांच्या वार्षिक सभेत, पाळकांच्या नेमणुका वाचल्या जातात आणि पाळकसाहेब सामान बांधतात. त्यांच्या उत्साहावर सुरू झालेला शिवणवर्ग, अभ्यासिका, सगळं त्या ट्रकबरोबर जातं. नव्या साहेबांना नवं काहीतरी सुचतं. टिकतं ते बायकांच्या मंडळाकडे असलेलं. डब्ल्यूएससीएसमध्ये पुरुषांना सभासद करत नाहीत, पण ओझी उचलायला आणि फॉर्म भरायला कुणी ना म्हणत नाही. उपासनेनंतर त्यांच्यातल्या सगळ्यांत कमी बोलणाऱ्या बाईला विचारा, कुणाकडे जायचं राहिलंय? म्हातारी, एकटी, पोरं कॅनडाला, अशी नावं तिच्याकडे पाठ असतात. गुजरातेत आहात, कॅनडाची घरं भरपूर मिळतील.

पत्रिकांचं आणखी एक. इथे २००३ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे, २०२१ मध्ये तो आणखी कडक केला. प्रलोभन दाखवून धर्मांतर हा गुन्हा आहे. खिचडीच्या पिशवीत पत्रिका सापडली तर तुम्ही कुठल्या मनाने घातली ते कुणी विचारत बसणार नाही, आणि त्रास त्या एमवायएफच्या पोरालाही होईल. पण मी कायद्याला भिऊन नाही म्हटलं नव्हतं, हे भाऊजींना पुन्हा सांगायला हवं. कायदा नसता तरी नाहीच म्हटलं असतं. ज्याची बायको आयसीयूत आहे तो तुम्ही हात धराल तर प्रार्थनेला उभा राहील, कारण नाही म्हणायची त्याची ताकद नाही. त्याने आपणहून मागितली तर करा, हळू आवाजात, त्याच्या बायकोचं नाव घेऊन.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी, आधीच सांगायला हव्या होत्या. पैसे हातात घेऊ नका, घ्यावेच लागले तर पावती मंडळीची. मुलांबरोबर काम असेल तर खोलीत नेहमी दोन मोठी माणसं, दार उघडं. पेशंटचे फोटो नाहीत. पुराच्या पाण्यात उतरायचं तर बूट घाला, आणि पायाला जखम असलेला कुणी दिसला तर आधी डॉक्टरकडे पाठवा, लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, भीती असते. सरकारी नोकरीत असाल तर खात्याचे नियम बघून घ्या. आणि मी एका मंडळीचं सांगतेय. बडोद्यात मेथडिस्ट चर्च एक नाही, तुमची कमिटी कदाचित देवमाणसांची असेल. भाऊजीही वाईट नाहीत. पुराच्या रात्री एका आजारी म्हाताऱ्याला त्यांनी पाठुंगळी घेऊन बाहेर काढलं, त्याबद्दल मात्र ते कधी बोलत नाहीत. का ते मला कळत नाही.

वर्षाचा वृत्तांत त्यांनीच लिहिला. 'पूरग्रस्तांना मंडळीतर्फे अन्नवाटप', खाली सभासदांची नावं, माझंही होतं. काकूंचं नाही. विचारलं तर म्हणाले, वहिनी, तो मंडळीचा वृत्तांत आहे, त्या मंडळीतल्या नाहीत. मी म्हटलं, आपण ज्यांच्या गोष्टी संडे स्कूलमध्ये सांगतो त्या अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी डॉक्टर क्लारा स्वेन १८७० ला बरेलीला आल्या, आणि बायकांच्या दवाखान्यासाठी त्यांना जागा दिली रामपूरच्या नवाबाने. तेही मंडळीतले नव्हते. त्यांचं नाव मिशनच्या इतिहासात दीडशे वर्षं छापलं जातंय, मग आंबेमोहोर देणाऱ्या बाईचं का नको? भाऊजी म्हणाले, जमीन वेगळी, तांदूळ वेगळा.

काकूंना यातलं काही ठाऊक नाही आणि त्यांना फरकही पडणार नाही. मला पडतो. भाऊजी, तुमची मुलगी तुम्हाला हे वाचून दाखवेल हे मला माहीत आहे. पुढच्या वृत्तांताच्या शेवटी शुद्धिपत्राची एक ओळ टाका. मजकूर मी लिहून दिलाय, तुमच्या फाइलमध्ये आहे, हिरव्या.