कुकर लावायला शिक

चरई, ठाणे
रविवार, दुपार

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तू मागितलेला आठवड्याच्या जेवणाचा तक्ता मी पाठवत नाहीये. सोमवारी ओट्स, मंगळवारी किनोआ, बुधवारी आणखी काहीतरी. असले तक्ते मंगळवार संध्याकाळपर्यंत टिकतात. बुधवारी ऐरोलीहून दमून येतोस, मोबाइल हातात घेतोस आणि वीस मिनिटांत दारावर बेल वाजते.

परवा घणसोलीला तुझ्याकडे आले होते, तेव्हा तू दूध आणायला खाली उतरलास आणि मी तुझा फ्रिज उघडला. अख्खा जन्म आपल्या लॅबमधले इन्क्युबेटर (जिवाणू वाढवायची उबदार कपाटं) उघडून बघण्यात गेला, दार दिसलं की हात जातोच. आत पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या अकरा पुड्या होत्या (मोजल्या), वाळून खडा झालेलं अर्धं लिंबू होतं, सॉसची बाटली होती आणि शेजवान राइसचा एक डबा होता. त्या डब्याबद्दल मी तेव्हा काही बोलले नाही. ओट्याखाली मात्र खोक्यासकट पाच लिटरचा कुकर होता. तुझ्या आईने दिलेला असणार. त्याची शिट्टी अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच होती.

म्हणून हे पत्र. तुला स्वयंपाक यायला हवा असं माझं म्हणणं नाही. कुकर लावता आला की तुझं बरंचसं भागेल.

माझ्याकडून हे ऐकून तुला हसू येईल, कारण मला स्वयंपाकाची आवड नाही हे अख्ख्या लॅबला ठाऊक होतं. अजूनही नाही. १९८७ साली नोकरीला लागले तेव्हा इथे नौपाड्यात एका बाईंकडे खोली घेऊन राहायचे. सकाळी ठाणे-बेलापूर रोडवर जाणारी कंपनीची बस, दुपारी कॅन्टीनची उसळ, रात्री स्टेशनबाहेरचा वडापाव. वर्षभरात हिमोग्लोबिन साडेआठवर आलं आणि डॉक्टरांनी विचारलं, घरी काय शिजतं? काहीच शिजत नव्हतं. त्याच आठवड्यात जोशात येऊन कुकर लावला आणि तळाला पाणी घालायचीच विसरले. सेफ्टी व्हॉल्व्ह गेला, डाळ करपली, घरभर धूर. बाई ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला ओट्याशी उभं केलं आणि म्हणाल्या, आता मी सांगते तसं लाव. त्यांनी सांगितलं तसंच मी आजवर लावत आले आहे, आणि तेच तुला सांगते.

कुकरच्या तळाला जाळी, त्यावर दोन पेले पाणी. कुकर ॲल्युमिनियमचा असेल तर पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल टाक, आतून काळा पडत नाही. खालच्या डब्यात अर्धी वाटी तूरडाळ, दोन-तीन पाण्यांनी धुतलेली, आणि दीड वाटी पाणी. चिमूटभर हळद, चिमूटभर हिंग, तेलाचा एक थेंब. तो थेंब फेस दाबायला असतो, नाहीतर पिवळं पाणी शिट्टीतून भिंतीवर उडतं. मीठ आत्ता घालायचं नाही. वरच्या डब्यात अर्धी वाटी तांदूळ आणि त्याच्या दुप्पट पाणी. तांदूळ साधा कोलम घे. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०१४ पर्यंत वाडा आपल्याच जिल्ह्यात होता, म्हणून मला त्याचा उगीच अभिमान आहे. पण त्या नावाने बाजारात काहीही विकतात, तेव्हा नावापायी जास्त पैसे मोजू नकोस. तिसऱ्या डब्यात पाणी न घालता लाल भोपळ्याच्या फोडी, एखादं बीट, दोन बटाटे, जे असेल ते.

झाकण लावायच्या आधी रिंग नीट बसली आहे का आणि शिट्टीचं भोक मोकळं आहे का ते बघ. मोठ्या आचेवर चार शिट्ट्या, मग पाच-सात मिनिटं बारीक आच, मग बंद. तुझ्याकडे इंडक्शनची शेगडी आहे, तिच्यावर कुकर धरतो का ते आधी बघ. तळाला लोहचुंबक चिकटला तर चालेल. आत दाब वाढला की पाणी शंभरऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं. लॅबमधल्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे त्या वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये, तू रोज १२१ वर मीडिया (जिवाणूंचं खाद्य) निर्जंतुक करायचास, तीच ही गंमत. म्हणून शिट्टी उचलून वाफ सोडण्याची घाई करू नकोस. तुझा ऑटोक्लेव्ह तू असा कधी उघडला नाहीस. पंधरा मिनिटं जाऊन आंघोळ कर.

बाहेर येशील तेव्हा वरण, भात आणि भाजी तयार. वरणात मीठ घाल, पळीने घोट, भातावर घे, वर तूप आणि लिंबू. हे साधं दिसतं, पण शंभर ग्रॅम तूरडाळीत बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि डाळीत जे अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) कमी पडतं ते भातातून मिळतं, भातात जे कमी ते डाळीतून. आपल्या आज्यांना लायसिन (भातात कमी पडतं ते अमिनो आम्ल) हा शब्द माहीत नव्हता, जोडी मात्र बरोबर लावली होती.

अर्धं वरण उद्यासाठी ठेव. उद्या छोट्या कढईत चमचाभर तेल, मोहरी तडतडली की जिरं, कढीपत्ता, ठेचलेला लसूण, मग ते वरण, थोडं पाणी, चिंचेचा बोटभर कोळ, गुळाचा खडा, गोडा मसाला. आमटी झाली. पालकाची अर्धी जुडी धुऊन हातानेच तोडून त्यात टाकलीस तर डाळ-पालक झाला. चिरायचा कंटाळा असेल तर चिरू नकोस. मी चाळीस वर्षं पालक हाताने तोडते आहे, कुणी मेलं नाही. कंटाळ्याचा कळस झाला असेल त्या दिवशी डबेही नकोत. मूगडाळ आणि तांदूळ सारखे घे, चौपट पाणी, हळद, मीठ, मूठभर मटार, सगळं थेट कुकरमध्ये. खिचडी.

भाताचं मात्र नीट ऐक. भात उरला तर ओट्यावर ठेवून झोपू नकोस. तासा-दोन तासांत पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये. बॅसिलस सेरियस या जिवाणूच्या कॉलन्या तू माझ्या टेबलावर मोजल्या आहेस. भात उकळला तरी त्याचे बीजाणू मरत नाहीत. आपल्याकडच्या दमट उकाड्यात रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात ते जागे होतात, आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. सकाळी फोडणीचा भात करायचा तर फ्रिजमधल्या भाताचा, आणि तोही दुसऱ्याच दिवशी संपव.

पोळ्या करू नकोस. खरंच सांगते. कणीक मळण्यात आणि भारताचे नकाशे लाटण्यात तुझा महिना जाईल आणि तू पुन्हा मोबाइलकडे वळशील. आपल्या ठाण्यात आणि तुमच्या नवी मुंबईत कोपऱ्याकोपऱ्यावर पोळी-भाजी केंद्रं आहेत, तिथून मोजून चार पोळ्या आणायच्या. पण त्यांची भाजी आणू नकोस. पोळी त्यांची आणि तुझी सारखीच, भाजीत मात्र तेल आणि मीठ त्यांच्या हाताचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणते, म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा. तेवढं फरसाण, लोणचं आणि नूडल्सच्या मसाल्याच्या पुडीतच संपतं.

आणि तू तर सोलापूरचा! घरून कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणी आणायचं सोडून तू इथे ब्रेड खातोस, हे मला कळत नाही. कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते. आमटीत चुरली की जेवण, दह्यात चुरली की नाश्ता, वर ती चटणी. न शिजवता होणारं याहून चांगलं जेवण मला माहीत नाही. पुढच्या खेपेला माझ्यासाठीही एक चवड आण.

भाज्यांचं गणित जरा वेगळं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची सुधारित मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यात फळं-भाज्या मिळून दिवसाला अर्धा किलो धरल्या आहेत. ताटाचा निम्मा भाग. आकडा मोठा वाटतो, पण दोन काकड्या, एक गाजर, एक टोमॅटो आणि एक पेरू ओळीने मांडून बघ, निम्म्याहून जास्त काम तिथेच झालं. काकडी सोलूही नकोस, धुऊन उभी खा. किसायला हात धजला तर कोशिंबीर, त्यात दाण्याचं कूट आणि दही. कुकरमधल्या बिटाचीही तशीच होते. घाऊक स्वस्ताई म्हणून तुर्भ्याच्या बाजार समितीत जाऊ नकोस. एका माणसाला पाच किलो टोमॅटो काय करायचेत?

मटकी रात्री भिजव, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांध, संध्याकाळी घरी येशील तेव्हा मोड आलेले असतील. आपली हवा याच एका बाबतीत उपकारी आहे. अंडी तू खातोस, तर घरात सहा अंडी कायम असू देत. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं आणि थोडं बी-१२ही, जे तुझ्या रिपोर्टमध्ये कमी आलं आहे. ते डाळ-भाजीत नसतं. दूध-दही, अंडी, मासळी यांतून येतं. गोळ्यांचं काय ते मात्र डॉक्टरांना विचार, मी जिवाणूंची बाई. मासळी खायला लागलासच तर पापलेटावर पैसे घालवू नकोस. तारली नाहीतर बांगडा घे, कोळणीकडूनच साफ करून घे, हळद-मीठ-तिखट लावून तव्यावर टाक.

पावसाळ्यात येऊरच्या डोंगरातल्या बायका इथे बाजारात रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा घे, मेथीसारखा परतायचा. शेवळं दिसली तर हौसेने उचलू नकोस, नीट शिजवता आली नाहीत तर घसा असा खाजतो की पाणीसुद्धा नको होतं. माझा खाजला आहे.

रोज हे सगळं कर असं मी म्हणत नाही. आठवड्यातून चारदा कुकर लागला तरी पुष्कळ झालं. उरलेल्या दिवशी बाहेर खा, मिसळ खा, मीसुद्धा खाते. आज संध्याकाळी फक्त शिट्टी पिशवीतून काढ, झाकण उजेडाकडे धर आणि शिट्टी बसते त्या भोकातून आरपार दिसतं का बघ. पहिला कुकर लावशील तेव्हा मला फोन लाव आणि ओट्यावर ठेव. शिट्ट्या मी मोजते.

तुझी,
मॅडम

ता. क. तो शेजवान राइस टाकून दे. वास बघू नकोस, चव तर नकोच.