रोज जुन्या चित्रांवरून स्केच काढलं तर स्वतःची शैली मरते का?

नोकरी सांभाळून रोज एक जुनं चित्र बघून काढायचं, वर्षाला ३६५ स्केचेस, असं तुम्ही ठरवलंय. हे टिकेल का आणि नकलेने हात बिघडतो का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

३६५ काढू नका, बावन्न काढा. एक चित्र आठवडाभर, रोज वीस मिनिटं. रोज नवं चित्र घेतलं की पहिल्या वीस मिनिटांतल्या चुका रोज नव्याने होतात आणि त्या दुरुस्त करायचा दिवस उगवतच नाही. महिनाभराने वही भरलेली दिसते, हात मात्र तिथंच असतो. सवय मोडते ती इथं, वेळ नसल्यामुळे नव्हे.

सुरुवातीला अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व, घ्या, कारण तिथं सगळा भार रेषेवर आहे. फोटोतल्या रंगांच्या मागे लागू नका. १९२०च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी भित्तिचित्रांवर लाखेचं रोगण दिलं. त्याआधी प्रती करणाऱ्यांनीही व्हार्निश फासलं होतं. ते सगळं पुढे पिवळं पडलं. तुम्हाला दिसणारा पिवळेपणा मूळ चित्रकाराचा नाही, तो उतरवण्यात आठवडा घालवू नका.

पहिल्या दिवशी चेहरा काढायचाच नाही. ए-४ आकाराची प्रिंट घ्या, विणायची सुई तिच्यावर आडवी धरा आणि तीनच तिरक्या रेघा वहीत उतरवा: डोळ्यांची, खांद्यांची, कमरेची. आपलं डोकं चित्रातलं डोकं आपोआप सरळ करतं. बाह्यरेषेपासून सुरुवात केलेल्या जवळपास प्रत्येक पद्मपाणीची मान ताठ झालेली असते. एकदा मान ताठ झाली की खाली झुकलेले डोळे कितीही नीट काढा, तो झोपलेला दिसतो. खोडरबराने हे सुधारत नाही, पान उलटावं लागतं.

दुसरा आणि तिसरा दिवस नीलकमळ धरलेल्या उजव्या हाताला द्या. पूर्ण आकृती ए-५ वहीत बसवली तर हा हात दीड-दोन सेंटीमीटरचा होतो, आणि एवढ्यात बोटं शिकता येत नाहीत. फक्त हात काढा, पानभर, बारा-पंधरा सेंटीमीटरचा. बोटं मोजत काढली की पंजाचा दाताळा होतो. आधी देठ आणि बोटं यांच्यामधली रिकामी जागा काढा, ती बरोबर आली की बोटं निम्मी आलेली असतात. अजिंठ्याच्या बोटांना पेरांच्या गाठी नाहीत, ती मनगटापासून टोकापर्यंत निमुळती होत वळतात. म्हणून रेघ कोपरातून हात हलवून एका दमात ओढायची. मनगट टेकवून काढलेली रेघ सेंटीमीटरभर जाते, अडते, पुन्हा सुरू होते, आणि जोड लगेच दिसतो.

चौथ्या दिवशी पेन्सिल ठेवा आणि गेरू घ्या. तिथल्या चित्रकारांनीही आधी गेरूनेच रेखाटन केलं होतं. दुकानातला गेरू चरचरीत असतो. तो पाण्यात ढवळून मिनिटभर थांबा, खडा तळाला बसतो. वरचं लाल पाणी दुसऱ्या वाटीत ओतून रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचं नितळ पाणी काढून टाका. उरलेल्या चमचाभर लगद्यात बाभळीच्या डिंकाच्या पाण्याचे पाच-सहा थेंब घाला. वाळल्यावर बोट फिरवून बघा: बोटाला लाल लागलं तर डिंक कमी, रेघ चकाकली किंवा तडकली तर जास्त. २ नंबरचा गोल ब्रश पुरतो. कागद १५० जीएसएमचा (कागदाच्या जाडपणाचं माप) तरी हवा, साध्या वहीचं पान फुगतं.

पाचव्या दिवशी पूर्ण आकृती गेरूने. सहाव्या दिवशी प्रिंट पालथी ठेवून आठवणीतून. सातव्या दिवशी ट्रेसिंग पेपरवर मूळ रेषा घेऊन तो पाचव्या दिवसाच्या स्केचवर ठेवा. त्यासाठी प्रिंट आणि स्केच एकाच मापाचं हवं, नाहीतर तुलना फुकट जाते. तीनच चुका निवडून तारखेसकट लिहा. आठ आठवड्यांनी हे शेरे एकत्र वाचा. काही चुका गेलेल्या असतात. काही दरवेळी त्याच जागी येतात: खांदा जरा रुंद, कपाळ जरा लहान. त्यातलं काय सुधारायचं आणि काय आपल्याला मनापासून तसंच दिसतं, हे तिथं ठरतं. मी तर म्हणते, शैलीची पहिली खूण मिळते ती इथंच.

ट्रेसिंगला फसवणूक म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. आधी ट्रेस करणं चूक, शेवटी ट्रेस करून स्वतःला तपासणं आवश्यक. आणि ‘नक्कल म्हणजे कारकुनी’ हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तरच उत्तर देते. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करायला घेतल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ पुन्हा तेच काम केलं, त्यातल्याही बऱ्याच प्रती १८८५च्या आगीत नष्ट झाल्या. उरलेल्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. नंतर भिंतीवरून जे झडलं, त्यातलं काही आज या प्रतींमुळेच कळतं. कारकुनी म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. बंगालचे चित्रकार नंदलाल बोसही इंग्लिश चित्रकार लेडी हेरिंगहॅमबरोबर अजिंठ्याला प्रती करून गेले. १९३८च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठीची त्यांची चित्रं बघा आणि त्यांचा हात मेला होता का ते सांगा.

एक राहिलंच. नुसतं अजिंठा करत राहिलात तर वर्षभरात खऱ्या माणसाच्या हातालाही बिनहाडाची बोटं काढू लागाल. म्हणून वीस मिनिटं झाल्यावर आणखी पाच मिनिटं स्वतःचा डावा हात समोर धरून पेरांसकट काढा. आणि पद्मपाणीनंतर लगेच तिथलाच दुसरा बोधिसत्त्व वज्रपाणी घेऊ नका, त्याच लेण्याच्या छतावरचा हत्ती घ्या. मुकुट-दागिने नसल्यामुळे त्याच्या पाठीची रेघ अडली की कुठेच लपत नाही.